जावेच्या शेडमध्ये माश्या नव्हत्या

मंजुळाबाईंना आपल्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मंजुळाबाईंना. त्यांच्या मते त्यांना हेवा वगैरे काही वाटत नव्हता, त्यांना नुसता न्याय हवा होता.

आणि न्याय कसला, तर माश्यांचा.

तळेगावहून चाकणला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, कंपन्यांच्या कंपाउंडच्या भिंती संपून उरलंसुरलं गाव जिथं सुरू होतं, तिथं या दोघींच्या पोल्ट्रीच्या दोन शेड शेजारी शेजारी आहेत. सासरे गेल्यावर वाटणी झाली. एक शेड थोरल्या नानासाहेबांकडे, म्हणजे मंजुळाबाईंकडे आली. दुसरी धाकट्या दिराकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे, विजयश्रीकडे. दीर चाकणला कंपनीत शिफ्टला जातो, त्याला कोंबडीची शेपूट कुठली नि तोंड कुठलं याचाही पत्ता नाही. दोन शेडच्या मध्ये खाद्याची हातगाडी जाईल एवढा बोळ. दोन्हीकडे पत्रा तोच, पिंजरे तेच, पिल्लं एकाच हॅचरीतली, खाद्य एकाच टेम्पोतून उतरणारं. तरी मंजुळाबाईंच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की माश्यांचा नुसता घोंगाट उठायचा, आणि विजयश्रीच्या शेडमध्ये माशी शोधावी लागायची.

बरं, मंजुळाबाई गबाळ्या असत्या तर एक वेळ गोष्ट वेगळी. पण त्यांच्याइतकी टापटीप बाई पंचक्रोशीत नव्हती. बाकीचे पोल्ट्रीवाले पिंजऱ्याखाली कोंबडखत साचू देतात आणि गिऱ्हाईक आलं की काढतात. मंजुळाबाईंना हे खपायचंच नाही. एक आठवडा सोडून पुढच्या आठवड्याला सगळं खत फरशीपर्यंत खरवडून काढायचं, पाइप लावून फरशी धुवायची, फिनेल टाकायचं आणि वर माश्यांची पावडर मारायची. शेडला कमरेएवढी भिंत, तिच्यावर जाळी आणि जाळीला गोणपाटाचे पडदे. त्या भिंतीच्या कठड्यावरून रोज सकाळी त्यांचा कुंचा फिरायचा. बोळाच्या बाजूच्या कठड्यावर तिळाएवढे काळे किडे पडलेले असायचे. मंजुळाबाई ते झाडायच्या आणि त्या जागी चिमूटभर पावडर जास्तीची टाकायच्या. किडा म्हणजे घाण, आणि घाण त्यांच्या शेडमध्ये चालत नव्हती.

विजयश्रीचा कारभार असा की बघणाऱ्याला घाम फुटावा. पवन मावळातला गुलाबाच्या पॉलिहाउसवाला अजिंक्य तिचं खत न्यायचा. त्याचा टेम्पो पिटुकला, त्यात पिंजऱ्यांच्या एकाच ओळीखालचं खत मावायचं. तो येईल तेव्हा एक ओळ निघायची, बाकीच्या ओळींखाली ढीग वाळत पडलेले. फरशी धुणं नाही, पावडर नाही. दुपारी ही बाई खाद्याच्या पोत्यावर पाय सोडून बसायची आणि मोबाइलवर बहिणीशी खिदळायची. आणि तिच्याकडे माश्या नाहीत! मंजुळाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो इथं.

तसं म्हटलं तर हे दुखणं माश्यांच्या आधीचं होतं. मंजुळाबाई पवनेच्या काठच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात माणसं भरपूर आणि भांडी त्याहून भरपूर. सासू तोंडाची फटकळ, पण एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "आमच्या मंजुळेनं घासलेल्या ताटात तोंड बघून घ्यावं." तेवढ्या एका वाक्यावर मंजुळाबाईंनी उभा संसार रेटला. मग विजयश्री आली. खेडकडची, बारावी पास, केस मोकळे सोडणारी, अर्धी भांडी मोरीत ठेवून ओट्याशी गप्पा मारत बसणारी. सासू शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची अंथरुणं धुतली मंजुळाबाईंनी, कूस बदलली मंजुळाबाईंनी, आणि विजयश्री उशाशी बसून तिला मालिकेतली भांडणं सांगायची. सासू गेली ती "विजे, ये गं, पुढं काय झालं?" असं म्हणत गेली. मंजुळाबाई तेव्हा दारातच उभ्या होत्या, हातात धुतलेल्या चादरीचा पिळा होता. ते वाक्य त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण विसरल्याही नाहीत.

पुढं रस्त्यापलीकडच्या शेतात सोसायटीचे उंच टॉवर उभे राहिले. लोक राहायला आले, आणि पाठोपाठ माश्यांची तक्रार आली. सोसायटीवाल्यांचंही चुकलं नव्हतं म्हणा. पोळी ताटात पडायच्या आधी तिच्यावर माशी बसलेली असायची. ग्रामपंचायतीनं दोघी जावांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत माश्या आटोक्यात आणा, दिवाळीला ज्या शेडमध्ये माश्या दिसतील ती शेड बंद होईल.

मंजुळाबाई घरी आल्या त्या पाटावर बसूनच राहिल्या. नानासाहेब कंपनीतून रिटायर होऊन घरी बसले होते, घर शेडवर चालत होतं, हे तर झालंच. पण त्यापेक्षाही, तळेगावच्या बेकरीत 'मंजुळाबाईंची अंडी' म्हणून अंडी घेत. जमीन नानासाहेबांच्या नावावर, घर नानासाहेबांच्या नावावर, त्यांच्या स्वतःच्या नावानं ओळखली जाणारी जगात ही एकच वस्तू होती. ती जाणार. आणि बोळापलीकडे विजयश्रीच्या कोंबड्या रोज सकाळी कलकलाट करणार, तो आपण रिकाम्या शेडमध्ये उभं राहून ऐकायचा. मंजुळाबाईंच्या मनात आलं, बंद व्हायचंय ना, मग दोघींच्याही होऊ देत. हे मनात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

चार दिवसांनी सोसायटीनं तिथंच राहणाऱ्या अबोलीला पाहणीला पाठवलं. ती पुण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, त्यामुळं किड्यामाश्यांचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. ती आधी मंजुळाबाईंच्या शेडमध्ये आली, नाकाला ओढणी लावली, ओल्या फरशीकडे बघितलं आणि "पाणी फार होतंय का हो इथं?" एवढंच विचारून बाहेर पडली. मग विजयश्रीकडे गेली आणि तिथंच रमली. मंजुळाबाई पडद्याच्या फटीतून बघत होत्या. ही शिकलेली बाई कोंबडखताच्या ढिगाशी उकिडवी बसली, काडीनं ढीग उकरला, काहीतरी उचलून काचेच्या नळीत टाकलं आणि हसली. मग विजयश्रीनं चहा आणला, तोही कान तुटलेल्या कपातून, आणि अबोलीनं तो तिथंच, खाद्याच्या पोत्यावर बसून प्यायला.

"माझ्याकडं नाकाला फडकं, आन् तिच्याकडं च्या!" मंजुळाबाई रात्री नानासाहेबांना म्हणाल्या.

"तू विचारला का च्या?" नानासाहेब म्हणाले. त्यांना त्या रात्री आमटी पातळ मिळाली.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईंनी जावेला बोळात गाठलं. "विजे, खरं सांग. काय टाकतीस गं तू शेडमधी?"

"कुठं काय, बाई?"

"माश्या कशा न्हाईत मग?"

विजयश्रीनं खांदे उडवले. "मला काय ठाऊक. मी कायच करत न्हाई बघा."

ती अगदी खरं बोलत होती, आणि त्याच खरेपणानं मंजुळाबाई पेटल्या. आपण हाडाची काडं करायची आणि हिनं 'कायच करत न्हाई' म्हणायचं! नक्की हिच्याकडं कसलंतरी औषध आहे. शहरातनं आणलं असेल, बहिणीनं पाठवलं असेल, त्या कॉलेजवाल्या बाईनं नळीतनं दिलं असेल. सख्ख्या जावेपासून लपवून ठेवलंय.

संधी आपणहून चालत आली. गौरी दोन-चार दिवसांवर आल्या होत्या आणि खेडला विजयश्रीची आई मोरीत घसरून पडली. विजयश्री बॅग भरून, शेडची किल्ली घेऊन धावत आली. "बाई, गौरीच्या आदल्या दिवशी येते. तेवढं माझ्या कोंबड्यांना बघा. तुमच्यावर टाकून चालले म्हणून घोर न्हाई मला."

"जा तू बिनघोर," मंजुळाबाई म्हणाल्या. रिक्षा वळणाआड गेली, आणि त्यांनी पदर खोचला.

आधी औषध शोधलं. पोत्यांच्या मागं बघितलं, फळीवर बघितलं, पत्र्याच्या खाली हात घालून बघितलं. एक कंगवा, एक फुटकी बांगडी आणि मोबाइलचा चार्जर सापडला. औषध नव्हतं. मग त्यांनी ढिगांकडे नजर वळवली. फावड्यानं पहिलाच ढीग फोडला आणि आतून काळे तीळ भसाभस सांडले. चकचकीत, अंडाकृती, कडक पाठीचे किडे, मूठभर म्हणावे एवढे. फावड्याचा धक्का लागताच सगळ्यांनी पाय पोटाशी ओढले, मुंडकी आत घेतली आणि मेल्यासारखे पडले.

मंजुळाबाईंना काय आनंद झाला म्हणून सांगू! माश्या नाहीत म्हणून मिरवणारीच्या घरात किडे भरलेत, किडे! गौरी येणार त्या घरात! मग त्यांनी काढलं साफ करायला. मनाशी म्हणाल्या, जावेसाठी करतेय, बिचारी आईच्या दुखण्यात आहे. हे काही अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती: एकदा तरी या शेडमध्ये माझ्या हाताचं काम दिसू दे, सगळ्या गावाला दिसू दे. आणि त्याच्याही खाली, जिथं त्या स्वतः फारशा डोकावत नसत, तिथं आणखी काही होतं. त्याला आपण नाव द्यायला नको.

अजिंक्यला फोन करून त्यांनी पिटुकल्या टेम्पोच्या खेपांवर खेपा करायला लावल्या. "एकच ओळ नेतो ना मी, मावशी," तो म्हणत होता, पण मंजुळाबाईंसमोर त्याचं काय चालणार. सगळं खत त्याच्या पॉलिहाउसला गेलं. फरशी दिसू लागली. मग पाइप, मग फिनेल, मग पावडर. कोनाकोपऱ्यात पळून राहिलेले काळे किडे त्यांनी कुंच्यानं शोधून शोधून काढले. कोंबड्यांचं मात्र त्यांनी मनापासून केलं. खाद्य वेळेवर, पाणी वेळेवर, एक कोंबडी मलूल वाटली तिला वेगळं ठेवून गुळाचं पाणीसुद्धा पाजलं. कोंबड्यांशी त्यांचं वैर नव्हतं.

विजयश्री आली, शेडच्या दारात उभी राहिली आणि चकचकीत फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, एवढं कशाला केलंत?" आणि वाकून पायाच पडली. मंजुळाबाईंच्या काळजात काहीतरी टोचलं, पण गौरीची गडबड होती, टोचलेलं तिथंच राहिलं. रीतीप्रमाणं दोघींनी तुळशीपासून गौरी आत आणल्या, थोरली मंजुळाबाईंच्या हातात आणि धाकटी विजयश्रीच्या. बाया म्हणाल्या, धाकटीचा मुखवटा काय हसरा दिसतोय यंदा. मंजुळाबाईंना तेही लागलं.

पितृपंधरवडा सुरू झाला आणि एका सकाळी विजयश्री शेडमधून बाहेर आली ती तोंडासमोर हात हलवत. आदल्या आठवड्यात चार-दोन माश्या दिसत होत्या, आता थवे उठत होते. मंजुळाबाईंनी बोळातून डोकावून बघितलं. पिंजऱ्यांच्या तारा काळ्या पडल्या होत्या. "अगंबाई, तुझ्याकडं पण?" त्या म्हणाल्या, आणि आवाजात जेवढी काळजी घालता येईल तेवढी घातली. त्या दुपारी त्यांना कधी नव्हे ती कडकडून भूक लागली. जेवून त्या पडल्या आणि शांत झोपल्या. माश्या तोंडावर बसत होत्या, तरी जाग आली नाही.

घट बसायच्या आदल्या दिवशी अबोली पुन्हा आली. तिला बघून मंजुळाबाईही मागोमाग विजयश्रीच्या शेडमध्ये शिरल्या. जावेची फजिती जवळून बघायची होती, दुसरं काय. अबोली धुतलेल्या फरशीवर साचलेल्या ओल्या, नव्या खताकडे बघत राहिली. काडीनं उकरलं, पुन्हा उकरलं.

"विजयश्रीताई, तुमचे काळे भुंगेरे कुठं गेले?"

"कुठले भुंगेरे?"

अबोलीनं पर्समधून काचेची नळी काढली. तळाशी कापसावर एक काळा तीळ होता. "हे. मागच्या वेळी इथून नेले होते. माश्या नव्हत्या त्या यांच्यामुळं. हा शिकारी आहे हो. माशी खतात अंडी घालते, हा ती अंडी खातो, कोवळ्या अळ्या खातो. याची पिल्लंसुद्धा तेच खातात. इंग्रजीत याला विदूषक म्हणतात, धक्का लागला की मेल्याचं सोंग घेतो म्हणून असेल. पण याला वाळलेलं, जुनं खत लागतं. तुमच्या ढिगांमध्ये पिढ्यान्पिढ्या नांदत होता. सगळं खत एकदम काढलं की हा जातो आणि याला पुन्हा वाढायला महिना लागतो. माशी आठ-दहा दिवसांत तयार. त्यावर पावडर मारली असेल, तर मग विचारायलाच नको." तिनं नळी पुन्हा पर्समध्ये टाकली. "सगळं कुणी काढलं?"

 मंजुळाबाईंनी जावेकडे बघितलं. आता ही बोट दाखवणार. आता ही बाई सोसायटीला सांगणार, सोसायटी पंचायतीला सांगणार, आणि गावभर होणार की थोरलीनं धाकटीचं वाटोळं केलं.

"मीच काढलं," विजयश्री म्हणाली. "गौरी हुत्या ना. म्हटलं साफ करावं."

तिनं मंजुळाबाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

अबोली पुढं बोलत होती, पण मंजुळाबाईंच्या कानात ते तुकड्यातुकड्यानं शिरत होतं. खत कोरडं ठेवा, गळकं पाणी बंद करा, पावडर नको. "आणि यांना पंख असतात. एका जागी खायला संपलं की उडून दुसरी जागा धरतात." ती मंजुळाबाईंकडे वळली. "मावशी, इथलं खाणं संपलं की ते तुमच्याकडेच येत असणार. इतक्या जवळ माश्यांचं घर असताना आणखी कुठं जातील? बोळाच्या बाजूला कधी दिसले नाहीत तुम्हाला?"

"न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या.

त्या आपल्या शेडमध्ये आल्या आणि बोळाच्या बाजूच्या कठड्यासमोर उभ्या राहिल्या. कठडा स्वच्छ होता. इतकी वर्षं रोज सकाळी त्यांनी तो झाडला होता. जावेच्या घरातलं सुख रोज आपण होऊन त्यांच्या दारात येत होतं, आणि त्या ते कुंच्यानं झाडून वर पावडर टाकत होत्या. कुणी लपवलं नव्हतं, कुणी राखून ठेवलं नव्हतं. त्यांना रडू आलं नाही. त्यांना राग आला, आणि गंमत म्हणजे तो पुन्हा विजयश्रीचाच आला. "मीच काढलं" म्हणते! चांगुलपणातसुद्धा हिनं आपल्यापुढं जावं? तिचं हे ऋण उरावर घेऊन आयुष्य काढायचं? भांडी घासायला आपण आणि मनानं मोठी ही? छे. हे मंजुळाबाईंना सहन होण्यासारखं नव्हतं.

सकाळी घट बसवला आणि त्या मिळेल त्या जीपनं अजिंक्यच्या पॉलिहाउसला गेल्या. त्याचं बहुतेक खत गुलाबांच्या वाफ्यांत मिसळून संपलं होतं. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली थोडं वाळलेलं उरलं होतं. मंजुळाबाई हातानं ते फोडू लागल्या. अजिंक्य हातमोजे आणायला धावला, पण त्यांनी घातले नाहीत. हातमोज्यातून तीळ कळत नाही म्हणाल्या. बऱ्याच वेळानं एक ढेकूळ फुटलं आणि त्यातून काळे दाणे निसटले, पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखे पडले. मंजुळाबाई त्यांच्यासमोर बसून राहिल्या. थोड्या वेळानं एकानं पाय काढला, मग दुसऱ्यानं.

"लई सोंगाडी हायत," त्या म्हणाल्या.

शोधून शोधून एकच पोतं भरलं. तेवढंच होतं.

ते पोतं घेऊन त्या बोळात आल्या तेव्हा दुपार टळली होती. डाव्या हाताला त्यांची शेड, उजव्या हाताला जावेची. दोन्हीकडे माश्या. पोतं एक, त्यातले किडे मोजके. वाटून टाकले तर दोन्हीकडे पुरे पडणार नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. दिवाळी जवळ येत होती. विजयश्री घरात घटाला माळ करत बसली होती, बोळात दुसरं कुणी नव्हतं. डावीकडे वळल्या असत्या तर विचारणारं कोणी नव्हतं. त्यांचे पाय डावीकडे वळलेही होते. मग त्यांना ते "मीच काढलं" आठवलं, पुन्हा नखशिखांत आग झाली आणि त्या फणकाऱ्यातच त्या उजवीकडे गेल्या. जावेच्या शेडमध्ये, मधल्या ओळीखाली, कोरड्या जागी त्यांनी पोतं रिकामं केलं.

मागं विजयश्री येऊन उभी होती. "हे काय, बाई?"

"तुझंच हाय. अजिंक्यकडं राहिलं हुतं." मंजुळाबाई पोतं झटकत होत्या. "आन् पुन्हा माझं पाप स्वतःवर घेऊ नगंस. मला आवडत न्हाई."

"पाप कसलं?"

"तू काय खुळी न्हाईस, विजे."

विजयश्री थोडी हसली. "न्हाई, खुळी न्हाई. आले त्याच दिवशी कळलं मला, तुमी काय शोधत हुता ते. चार्जर फळीवर घडी करून ठेवलावता." मग म्हणाली, "पण मलूल कोंबडीला गूळपाणी पाजलंत, ते पण कळलं. वाटीला मुंग्या लागल्या हुत्या."

मंजुळाबाईंनी रिकाम्या पोत्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. 

पुढचे दिवस त्यांना फार जड गेले. खत खरवडायचं नाही, फरशी धुवायची नाही, पावडर मारायची नाही. गळके नळ बदलले, खतावर भाताचं तूस टाकून ते कोरडं केलं आणि मग हात बांधून बसणं. हात शिवशिवायचे. 'कायच करत न्हाई' हे किती अवघड काम आहे, ते त्यांना आता कळत होतं, आणि ते काम धाकटीला न शिकवता येतं, याचाही त्यांना हेवा वाटला. दसरा झाला, कोजागिरी झाली. विजयश्रीच्या शेडमधल्या माश्या विरळ होत चालल्या. मंजुळाबाईंच्या होत्या तशाच. अबोली येऊन बघून गेली. म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे भुंगेरे आलेले दिसले की मला फोन करा. ते आले म्हणजे काम सुरू झालं. मग मी स्वतः पंचायतीला सांगेन, ही शेड बंद करू नका म्हणून. पण आल्याशिवाय मला काही बोलता येणार नाही."

तेव्हापासून मंजुळाबाई रोज सकाळी कठड्यापाशी उभ्या राहायच्या. आणि आयुष्यात कधी केली नव्हती अशी प्रार्थना करायच्या: देवा, विजयश्रीकडच्या माश्या लवकर संपू देत. तिचं सगळं भलं होऊ दे. तिच्याकडं काही कमी पडलं तरच ते भुंगेरे इकडं येतील ना, आणि कमी पडायला आधी तिचं सगळं निस्तरलं पाहिजे. ही प्रार्थना म्हणताना त्यांचे दात आवळलेले असत, पण म्हणत असत मनापासून.

वसुबारसेच्या सकाळी कठड्यावर एक काळा तीळ होता.

मंजुळाबाईंचा कुंचा सवयीनं वर गेला आणि तसाच राहिला. त्यांनी बोटाचं टोक जवळ नेलं. तिळानं पाय आत घेतले आणि मेला. मंजुळाबाई श्वास धरून थांबल्या. बोळापलीकडे विजयश्री कोंबड्यांना खाद्य टाकता टाकता गुणगुणत होती. बऱ्याच वेळानं तिळाला पाय फुटले. तो कठड्यावरून चालला, कडेला आला आणि आत, खताच्या ढिगावर पडला.

मंजुळाबाईंनी चटकन हात लांब करून बोळाच्या बाजूचा गोणपाटाचा पडदा खाली सोडला. आला तो आता आपला, परत तिच्याकडं जायला नको.

पडद्याआड त्या क्षणभर उभ्या राहिल्या. पलीकडचं गुणगुणणं आता अस्पष्ट येत होतं. मग त्यांनी पडद्याची दोरी पुन्हा हातात घेतली, पडदा वरपर्यंत ओढला, गाठ नीट मारली आणि हाक दिली, "विजे, च्या टाक गं. माझा पण."